स्वयंपाकघरातली मधली जागा

स्वयंपाकघराच्या मध्यभागी, चारही बाजूंनी मोकळा असा एक स्वतंत्र ओटा असावा, ही हौस आपल्याकडे आली ती मासिकांतील छायाचित्रांतून आणि परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांच्या घरांतून. आणि न्यू जर्सीकडच्या एखाद्या मराठी घरी दिवाळीच्या सुमारास अशा ओट्याभोवती उभ्याने गप्पा मारीत करंज्या भरणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना परत आल्यावर आपला भिंतीला चिकटलेला कडप्प्याचा ओटा अपुरा वाटू लागावा, यात नवल नाही. घरांच्या अंतर्रचनेचा व्यवसाय करीत असल्यामुळे या हौशीची तजवीज करून द्या, अशी मागणी माझ्याकडे वारंवार येते. ‘काका, आयलंड बसेल का, तेवढं फक्त सांगा,’ असे मला विचारले जाते. बसण्याचे काय, टेपाने मोजून कोणतीही वस्तू कोठेही बसविता येते. परंतु ज्या जागी ती बसवावयाची, ती जागा आज कोणाच्या उपयोगी पडते आहे, याची चौकशी केल्यावाचून मी या प्रश्नाला उत्तर देत नाही.

अलीकडे एरंडवण्यातील एका जुन्या सहकारी गृहसंस्थेत असाच प्रसंग आला. स्वयंपाकघर नऊ फूट रुंद आणि अकरा फूट लांब. खिडकीच्या लांब भिंतीला लागून दोन फुटी ओटा, समोरच्या भिंतीत सव्वा फूट खोलीचे फडताळ, आणि त्याच भिंतीच्या मध्यावर इमारतीचा एक खांब नऊ इंच पुढे आलेला. अडचण केवळ आकाराची नव्हती. त्या खोलीला तीन दारे होती. एक बैठकीच्या खोलीचे, एक निजावयाच्या खोलीचे आणि तिसरे मागच्या बाल्कनीचे, जेथे धुणे वाळते आणि गॅसचे भरलेले जादा सिलिंडर राहते. म्हणजे घरातील प्रत्येक माणसाची वहिवाट या स्वयंपाकघरातून, आणि तीही तिरपी, खोलीच्या ऐन मध्यातून जाणारी. ज्या घरात स्वयंपाकघर हा रस्ताही आहे, त्या घरी रस्त्याच्या मधोमध बांधकाम करण्यापूर्वी फार विचार केला पाहिजे, असे माझे प्रथमदर्शनीच मत झाले होते. तथापि मत झाले म्हणून निवाडा देणे योग्य नव्हे, आणि त्या घरच्या सूनबाईंची हौस मनापासूनची होती.

प्रथम हिशेब केला. रुंदीचे १०८ इंच. त्यांतून ओट्याचे २४ आणि फडताळाचे १५ वजा जाता उरले ६९. मधला ओटा कामाचा व्हावयाचा तर किमान २४ इंच रुंद हवा. तो वजा जाता राहिले ४५, आणि तेही दोन्ही बाजूंना मिळून. अमेरिकेत या धंद्यातल्या लोकांनी घालून घेतलेला दंडक असा आहे की, एकटे माणूस काम करीत असेल तर दोन ओट्यांमधली वाट ४२ इंचांची असावी, आणि दोघे वावरत असतील तर ४८ इंचांची. हा दंडक त्यांच्या ऐसपैस घरांचा म्हणून कोणी बाजूला सारील. पण ओट्याखालची ट्रॉली पूर्ण ओढली की वीस-एक इंच बाहेर येते, आणि ती ओढणाऱ्याला तिच्यापुढे उभे राहावयाला तितकीच जागा लागते, ही गोष्ट एरंडवण्यातही तितकीच खरी आहे. कामाच्या बाजूला ४२ इंच दिले तर फडताळाच्या बाजूला तीन इंच उरत होते. फडताळ काढून टाकण्याची तयारी सूनबाईंनी दाखविली. तेव्हाही दुसऱ्या अंगाला दीड फूट, म्हणजे माणसाने आडवे होऊन जावे इतकीच वाट निघाली, आणि खांबापाशी तर तीही अर्धी झाली.

शेगडी मध्यभागी नेण्याचा बेत मात्र मी लगेच रहित करावयास सांगितला. सिलिंडरपासून शेगडीपर्यंतची रबरी नळी दीड मीटरहून लांब असू नये असा नियम आहे, आणि तो जिवाशी निगडित आहे. मोरीचे पाणी मध्यभागातून न्यावयाचे तर नळाला उतार हवा, आणि तो उतार फरशीखाली मिळत नसेल तर खालच्या बिऱ्हाडाच्या छतात हात घालावा लागतो. तेव्हा झालाच तर कोरडा ओटा व्हावा, हे ठरले.

एवढे आकडे मांडूनही मी घरच्यांना ‘नाही’ म्हटले नाही, कारण आकड्यांनी हौस फिटत नाही आणि कधी कधी आकडेही अपुरे पडतात. खडूने जमिनीवर आखणी करून दाखविण्याची पद्धत पुष्कळ मिस्त्रींची आहे. परंतु जमिनीवरची रेघ कोणालाच अडवीत नाही, पाय तिच्यावरून खुशाल जातो. म्हणून आम्ही पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचून, त्यांवर प्लायवुडची चार फूट बाय दोन फुटांची फळी टाकून, ओट्याच्याच उंचीचा म्हणजे ३४ इंचांचा खोटा ओटा मधोमध उभा केला, आणि अंगारकी उलटेपर्यंत तो हलवू नये अशी मुदत घातली. या अवधीत सकाळच्या वेळी तेथे जाऊन, बाल्कनीच्या दारात उभे राहून मी जे पाहिले, ते कोणत्याही नकाशात दिसले नसते.

सकाळी सहानंतर त्या खोलीत जी घाई उडते, तिच्यात प्रत्येक जण आपल्या नकळत ठरलेल्या रेषेने चालतो. सूनबाई तव्यापाशी, त्यांचे यजमान टॉवेलसाठी बाल्कनीकडे, मुलगी फ्रीजचे दार उघडून उभी. खोटा ओटा आल्याबरोबर या तिन्ही रेषा एकाच बोळात आल्या. फ्रीजचे दार उघडे असताना पलीकडे जाणे अशक्य झाले. घरातल्या थोरल्या वहिनी, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई, सांडशीत आमटीचे पातेले धरून वळल्या तेव्हा त्यांनी डावा खांदा खांबाला घासून कोपर उंच केले, आणि पातेले तिरके झाले. आमटी सांडली नाही. पण उकळते भांडे हाती असताना माणसाला अंग चोरावे लागणे, ही गोष्ट मी कोणत्याही सौंदर्यासाठी पत्करणार नाही.

न्यायाने सांगावयास हवे की, त्या खोक्यांच्या बाजूनेही पुरावा होता, आणि तो बळकट होता. तीन डबे शेजारी शेजारी उघडे ठेवून एकात भाजी, एकात पोळ्या, एकात कोशिंबीर असे सूनबाई ओळीने भरीत गेल्या, आणि शेगडीच्या धगीपासून दूर उभ्या राहून काकडी कोचू लागल्या, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. ‘अशी रिकामी जागा या घरात मला कधी मिळालीच नव्हती, काका,’ त्या म्हणाल्या. त्यांची गरज खरी होती, हे मला त्या क्षणी पटले.

अंगारकीच्या दिवशी मात्र दुसरीच बाजू उघडी पडली. मोदकांची उकड काढली की थोरल्या वहिनी पाटावर बसून, समोर परात घेऊन, तेलापाण्याचा हात लावीत ती मळतात. उकड हाताला सोसेल तितकी गरम असतानाच मळावी लागते, आणि बसून मळताना खांद्याचा आणि पाठीचा भार मनगटात उतरतो, तो उभ्याने उतरत नाही. त्यांची ही बैठक आजवर शेगडीपासून दोन पावलांवर, खोलीच्या मध्यावर असे. तेथे आता खोकी होती. परात बैठकीच्या खोलीत गेली. पातेले उंबरा ओलांडून न्यावे लागले. पंखा चालू होता. उकड निवली आणि पाऱ्यांना कळ्या पाडता पाडता कडेला चिरा जाऊ लागल्या. वहिनींनी तक्रार केली नाही, केवळ पंखा बंद करावयास सांगितले आणि पुन्हा पाण्याचा हात घेतला. पण जी जागा आम्ही रिकामी समजत होतो, ती उन्हाळ्यात कुरडयांची, दिवाळीत चकल्यांची आणि चतुर्थीला मोदकांची कामाची जागा आहे, हे त्या उकडीने सगळ्यांना दाखविले. तिला पाय नाहीत, खण नाहीत, म्हणून ती वस्तूंच्या यादीत येत नाही, इतकेच.

लहान स्वयंपाकघराचा शास्त्रशुद्ध विचार युरोपात झाला तेव्हाही मध्यभागी काही ठेवण्याचे कोणी सुचविले नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टमधील कामगारवस्त्यांसाठी जे स्वयंपाकघर रचले, त्याची मापे १.९ मीटर आणि ३.४ मीटर; आगगाडीतील भोजनडब्याच्या मुदपाकखान्यावरून त्यांनी बोध घेतला आणि दोन्ही भिंतींना कामे वाटून देऊन मधली वाट मोकळी ठेवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. त्यांची स्वयंपाकीण फिरत्या स्टुलावर बसून काम करीत असे. आमची जमिनीवर बसते, म्हणून आमची मधली वाट त्यांच्याहून रुंद हवी, कमी नव्हे.

सूनबाईंच्या गरजेचे मूळ मी शेवटी ओट्यावरच शोधले. अकरा फुटांच्या त्या ओट्यावर मिक्सर, पाण्याचे फिल्टर, मायक्रोवेव्ह, भांडी निथळण्याची जाळी आणि पिठांचे डबे यांनी ठाण मांडलेले, आणि मोरी व शेगडी यांच्या दरम्यान मोकळा दगड होता अवघा १४ इंच. फिल्टर भिंतीवर चढविले, मायक्रोवेव्ह फडताळात गेला, डब्यांना खालचा खण मिळाला. तेवढ्यानेच पोळपाट आणि परात शेजारी राहू शकली. उरलेल्या जागेसाठी खांबाचाच उपयोग झाला. खांब आणि बाल्कनीचे दार यांच्या दरम्यान भिंतीला जो नऊ इंचांचा खोलगट भाग होता, त्यात बिजागऱ्यांवर पडणारी, ३० इंच लांब आणि २० इंच रुंद अशी घडीची फळी बसवावी, असे मी सुचविले. ती उचलली तरी ओट्यापर्यंत पाच फुटांहून अधिक वाट राहते, आणि खाली सोडली की खांबाच्या रेषेबाहेर येत नाही.

या फळीला वरून ओट्याशी जुळणारा ग्रॅनाइट लावावा, असा सूनबाईंचा आग्रह होता, आणि थोरल्या वहिनींना सागवान हवे होते. मी सागवानाच्या बाजूने कौल दिला. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एवढ्या मापाला सुमारे २१ किलो भरतो. इंचभर जाडीचे सागवान साडेसहा किलोंच्या आत राहते, आणि ही फळी रोज सकाळी डबे भरताना एका हाताने उचलावयाची, दुसऱ्या हातात बहुधा काहीतरी असणारच. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी लाकूड आणले.