रक्ताच्या थेंबावरची पट्टी : रेघ उमटण्यापूर्वी काय घडते?

कपाशीच्या पानात बीटी प्रथिन आहे की नाही हे दाखवणारी कागदी पट्टी कापूसपट्ट्यातील अनेक विस्तार कार्यकर्त्यांनी हाताळली आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने अशा पट्टीचा संच विकसित केला होता. पानाचा लहानसा तुकडा द्रावणात कुटायचा, पट्टीचे टोक त्यात बुडवायचे आणि काही मिनिटांनी रेघा मोजायच्या, एवढीच ती कृती. आम्हा कीटकशास्त्रज्ञांचा या तंत्राशी परिचय झाला तो बहुतांशी याच पट्टीमुळे. साहजिकच गोचिडांपासून होणाऱ्या रोगांची चर्चा निघाली की पशुपालक विचारतात, पानाच्या रसावर चालते ती पट्टी गाईच्या कानातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर का चालू नये?

प्रश्न अगदी रास्त आहे. हायलोमा जातीची गोचीड थायलेरियोसिस पसरवते, तर ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही गोचीड बबेसियोसिस व अ‍ॅनाप्लाज्मोसिस पसरवते. तिन्हींत ताप, अशक्तपणा आणि रक्तक्षय दिसतो. औषधे मात्र निरनिराळी आहेत. थायलेरियोसिसवर ब्युपारव्हाक्वोन, बबेसियोसिसवर डायमिनाझीन, अ‍ॅनाप्लाज्मोसिसवर ऑक्सिटेट्रासायक्लीन. निदान चुकले तर महागडे इंजेक्शन वाया जाते आणि त्याहून मोलाचे दोन दिवस हातचे जातात. रक्तजल वेगळे काढायला सेंट्रिफ्यूज लागतो. तो गोठ्यात नसतो. म्हणून कोणतीही पूर्वप्रक्रिया न केलेल्या रक्तावर चालणारी पट्टी हवी.

अशी पट्टी चालते, पण रसाची पट्टी रक्तावर जशीच्या तशी चालत नाही. तिची रचना पाहू. सुरुवातीला नमुना शोषणारा पॅड असतो. त्याला लागून रंगकणांचा पॅड असतो आणि त्यात प्रतिपिंड किंवा प्रतिजन चिकटवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात. पुढे नायट्रोसेल्युलोजचा पडदा येतो आणि शेवटी उरलेला द्रव ओढून घेणारा पॅड. शोधायचा पदार्थ नमुन्यात असेल तर सोन्याचे कण चाचणी रेघेवर अडकतात व रेघ तांबडी दिसते. पहिली अडचण इथेच आहे. रेघ तांबडी आणि रक्तही तांबडे. शिवाय रक्तपेशी पडद्यात शिरल्या तर द्रवाची वाट अडते, प्रवाह मंदावतो आणि फिकट रेघ डागाळलेल्या पार्श्वभूमीत हरवते. त्यामुळे पट्टीचा कस लागतो तो रेघेपाशी नव्हे, नमुना पडतो त्या पहिल्या सेंटिमीटरात.

पेशींचे काय करायचे हे ठरते शोधायचा पदार्थ कुठे आहे त्यावर. माणसांच्या मलेरियाच्या पट्टीत पेशी मुद्दाम फोडल्या जातात, कारण परजीवी तांबड्या पेशींच्या आत असतो. साधारण 5 मायक्रोलिटर रक्त आणि वर पेशी फोडणाऱ्या द्रावणाचे काही थेंब, असे प्रमाण ठेवल्याने सुटलेले हिमोग्लोबिन पातळ होऊन पुढे वाहून जाते. सरा रोगाचे तसे नाही. ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथील घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधलेला हा परजीवी पेशींबाहेर, रक्तद्रवात पोहत असतो आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडेही रक्तद्रवातच असतात. येथे पेशी फोडणे म्हणजे कारण नसताना पट्टी रंगवणे. त्या अखंड ठेवून अडवायच्या असतात.

अडवण्यासाठी काचतंतूंचा पॅड किंवा वरच्या बाजूला मोठी व खाली लहान होत जाणारी छिद्रे असलेला पडदा वापरतात. काही पट्ट्यांत पेशींचे गठ्ठे बांधणारा पदार्थ पॅडमध्येच वाळवलेला असतो. त्यासाठी तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे किंवा राजम्यासारख्या कडधान्यातून मिळणारे लेक्टिन उपयोगी पडते. माझ्या मते जनावरांच्या पट्ट्यांचा खरा घोळ याच टप्प्यावर आहे, कारण हे बहुतेक साहित्य माणसाचे रक्त डोळ्यांसमोर ठेवून घडवले गेले. माणसाची तांबडी पेशी 7 ते 8 मायक्रोमीटर व्यासाची असते, गाईची 5 ते 6, तर शेळीची जेमतेम 3 ते 4. उंटाची पेशी तर गोल नसून लंबगोल. घोड्याच्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात व झपाट्याने तळाशी बसतात. गाईच्या पेशी मात्र तशा चिकटत नाहीत. मानवी रक्त नीट गाळणाऱ्या पॅडमधून शेळीच्या पेशी निसटू शकतात. मानवी पेशींना धरणारी प्रतिपिंडे शेळीच्या पेशींना धरतीलच असेही नाही. पट्टीवर 'जनावरांसाठी' असे मोघम लिहिलेले असेल तर विक्रेत्याला विचारावे, कोणत्या जनावरांसाठी, आणि रक्तजलावर तपासली की थेट रक्तावर?

दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. रक्तातील पेशींच्या प्रमाणाला पशुवैद्यक पीसीव्ही म्हणतात. पीसीव्ही 35 टक्के असलेल्या गाईच्या 10 मायक्रोलिटर रक्तात साडेसहा मायक्रोलिटर रक्तद्रव असतो. रोगाने पीसीव्ही 12 वर आलेल्या गाईच्या तेवढ्याच थेंबात तो 8.8 मायक्रोलिटर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. प्रतिपिंडांची दाटी सारखी असली तरी रेघ दाट दिसू शकते. शोधायचा पदार्थ तांबड्या पेशींच्या आत असेल तर हिशेब उलटा फिरतो. त्यामुळे रेघेच्या गडदपणावरून रोगाची तीव्रता ठरवू नये.

बबेसियोसिसमध्ये आणखी एक पेच आहे. या रोगात पेशी शरीरातच फुटतात, म्हणून लघवी तांबडी किंवा कॉफीच्या रंगाची होते. रंग रक्तद्रवात विरघळलेला असल्याने कोणताही गाळणपॅड तो अडवू शकत नाही. अशा वेळी मागून धुवून नेणारे द्रावण भरपूर हवे, किंवा सोन्याऐवजी काळे कार्बनकण अथवा निळे लॅटेक्सकण वापरलेली पट्टी हवी. तांबड्या पार्श्वभूमीवर काळी रेघ ओळखणे सोपे.

रक्त हाताळण्याची ही कसरत गोचिडीला मात्र चांगली साधलेली आहे. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात आणि प्यायलेल्या रक्तातील जादा पाणी ती लाळेवाटे त्याच जनावराच्या शरीरात परत सोडते. रक्त न गोठू देण्याचे काम पट्टीत ईडीटीए किंवा हेपरिन करते.

उत्तम पट्टीही हाताळणीने बिघडते. कान टोचण्यापूर्वी लावलेले स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे, कारण ओल्या स्पिरिटने पेशी फुटतात. कान जोराने पिळू नये. थेंब घट्ट वाटला म्हणून त्यात पाणी मिसळण्याची सवय काही ठिकाणी दिसते. साध्या पाण्यात तांबड्या पेशी क्षणात फुटतात आणि पॅडची सगळी मेहनत व्यर्थ जाते, म्हणून संचातील द्रावणाशिवाय काहीही वापरू नये. थेंब मोजण्याची नळी दिली असेल तर तीच वापरावी, सुईच्या टोकावरचा अंदाज चालत नाही. पाकीट आधी फोडून ठेवू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. निकाल पत्रकात सांगितलेल्या वेळीच वाचावा. तासाभराने उमटलेली पुसट रेघ ग्राह्य धरू नये. नियंत्रण रेघ आली याचा अर्थ द्रव तिथवर पोहोचला व रंगकण शाबूत आहेत, एवढाच. नमुना योग्य होता याची ती ग्वाही देत नाही.

पट्टी प्रतिजन शोधते की प्रतिपिंड, हे पत्रकात पाहून ठेवावे. प्रतिपिंडे उपचारानंतरही महिनोन्‌महिने रक्तात राहतात. थायलेरियोसिसमधून बरी झालेली गाय तर परजीवीची वाहक म्हणून पुढेही राहू शकते. मागील हंगामात आजारी पडलेल्या गाईला आज दुसऱ्याच कारणाने ताप आला असेल, तरी प्रतिपिंडांची पट्टी दोन रेघा दाखवील. याउलट आजाराच्या पहिल्या दिवसांत, प्रतिपिंडे तयार होण्याआधी, एकच रेघ दिसेल. म्हणून कान टोचलाच आहे तर त्याच रक्ताचा पातळ काचपट्टी नमुनाही घ्यावा, हवेत वाळवून मिथेनॉलमध्ये स्थिर करावा आणि जनावराचा बिल्ला क्रमांक, तारीख व पट्टीचा निकाल लिहून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे द्यावा. गिम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसला, तर पशुवैद्यकाला औषध निवडताना रेघेच्या गडद-फिकटपणावर विसंबावे लागत नाही.