पान आणि पाणी (भाग ३) : हवेची तहान

गेल्या आठवड्यात आपण पर्णरंध्रांची रचना पाहिली. मुळांनी शोषलेले बहुतेक पाणी याच छिद्रांतून वाफ होऊन निघून जाते. हाच बाष्पोच्छ्वास. तो केव्हा वाढतो नि केव्हा मंदावतो हे पाहायचे तर मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या केळीबागेत जावे. पारा चाळिशीपार गेलेला असतो, ठिबक चालू असते, तरी भर दुपारी केळीची पाने मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी खाली मिटलेली दिसतात.

दोष उन्हाला दिला जातो. उन्हाचा वाटा आहेच, पण हवेचा कोरडेपणा त्याहून कमी लेखू नये. पानाच्या आतल्या पोकळ्यांतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. बाहेरची हवा जितकी कोरडी, तितके बाष्प वेगाने बाहेर पडते. शिवाय हवा तापली की तिच्यात जास्त बाष्प मावते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम, तर ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. जुलैतली ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिच्यात ६ ग्रॅमचीच जागा उरते. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या, २० टक्के आर्द्रतेच्या हवेत ४१ ग्रॅमची. तहान जवळपास सातपट! उन्हाळ्यात शेतकऱ्याला नुसते तापमान सांगून भागत नाही ते यामुळेच. त्याला आर्द्रतेचा आकडाही तितक्याच ठळकपणे मिळायला हवा.

जमीन ओली असूनही पाने का मलूल होतात, याचे उत्तर इथेच आहे. वाफ होण्याचा वेग मुळांना गाठता येत नाही. मग रंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशी सैलावतात, रंध्रे आकसतात आणि पाणी वाचते. पण कार्बन डायऑक्साइड आत येण्याची वाटही तीच, त्यामुळे अन्न तयार होणे मंदावते. शिवाय दर ग्रॅम वाफेबरोबर सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जात होती, तीही आता कमी जाते आणि पान तापते. पान मिटून केळ ऊनच कमी अंगावर घेते, ही मला तिची फार देखणी युक्ती वाटते.

राहिला वारा. पानालगत दमट, संथ हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो उडवून लावतो आणि तिथे कोरडी हवा येऊन भिडते. म्हणून जाणते बागायतदार बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताच्या दाट ओळी लावतात. त्यांच्या आडोशाला वाऱ्याचा जोर मोडतो, बागेतला ओलावा टिकतो, पाने फाटतही नाहीत. मात्र या ओळी उन्हाळ्याआधी पुरेशा वाढलेल्या हव्यात, आणि केळीला फार खेटून नकोत, नाहीतर त्यांची मुळे केळीच्याच वाट्याचे पाणी ओढतात.

पुढील आठवड्यात : रात्री रंध्रे उघडणारे अननस आणि निवडुंग.