वर्ध्याचे दोन कौल

२६ एप्रिल २०२४ ला वर्धा लोकसभा मतदारसंघात मतदान झालं आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अमर काळे यांनी भाजपचे दोन वेळचे खासदार रामदास तडस यांना ८१ हजारांहून जास्त मतांनी पाडलं. मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. वर्धा, हिंगणघाट, देवळी, आर्वी या जिल्ह्यातल्या चारही जागा भाजपने घेतल्या. आर्वीत नव्या खासदारांच्या पत्नी मयुरा काळे हरल्या. देवळीत (आणि देवळी होण्याआधी पुलगावात) १९९९ पासून सलग निवडून येणारे काँग्रेसचे रणजित कांबळे पडले. सात महिन्यांच्या आत त्याच मतदारांनी दिलेले हे दोन कौल.

पहिल्या निकालानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर होतं: शहर भाजपचं, खेडं विरोधात. विदर्भाचा नकाशा त्याला दुजोराही देत होता. नागपूर शहराची जागा भाजपने राखली आणि त्याच शहराला वेढून असलेली रामटेकची जागा काँग्रेसकडे गेली. अमेरिकेत महानगरं डेमोक्रॅटांची आणि खेडी रिपब्लिकनांची. आपल्याकडे ती वाटणी उलटी झाली, एवढंच काय ते म्हणायचं बाकी होतं. नोव्हेंबरने हे उत्तर खोटं पाडलं असं मी म्हणणार नाही, पण अपुरं नक्कीच ठरवलं.

शहराविरुद्ध खेडं ही मांडणी या जिल्ह्याला नवी नाही. १९३४ मध्ये गांधीजी वर्ध्यात आले ते जमनालाल बजाजांच्या, म्हणजे कापसाच्या व्यापारात मोठ्या झालेल्या घराण्याच्या आग्रहावरून. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला गेले, पुढे त्याचं सेवाग्राम झालं. देशाची पुनर्रचना खेड्यापासून, हा विचार इथून देशभर गेला. मतपेटीत मात्र त्याचं प्रतिबिंब गमतीदार पडलं. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत वर्ध्याने लोकसभेत पाठवले ते उद्योगपती कमलनयन बजाज. तेव्हा कास्तकार आणि कापूस-व्यापारी एकाच पंजाखाली, तेव्हाच्या भाषेत एकाच बैलजोडीमागे, उभे होते. १९७७ च्या जनता लाटेतही वर्धा काँग्रेसकडेच राहिलं.

पहिला मोठा तडा गेला १९९१ मध्ये. वसंत साठे तीनदा इथून निवडून आलेले, केंद्रात मंत्री राहिलेले, देशात रंगीत टीव्ही आणणारे म्हणून ओळखले जाणारे. त्यांना मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी हरवलं. विदर्भातून कम्युनिस्ट खासदार! पुढे १९९६ ला भाजपचे विजय मुडे आले, १९९८ ला काँग्रेसचे दत्ता मेघे, १९९९ ला प्रभा राव, २००४ ला भाजपचे सुरेश वाघमारे, २००९ ला पुन्हा मेघे. वर्धेकर कोणाला फार दिवस टिकू देत नव्हते. २०१४ आणि २०१९ ला तडस दोनदा आले, तोच खरा अपवाद.

या उलथापालथीच्या आधीच शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शहर-खेड्याच्या भांडणाला नाव दिलं होतं: इंडिया विरुद्ध भारत. शेतमाल स्वस्त ठेवून शहर पोसलं जातं, हे गणित त्यांनी कास्तकाराला समजावलं. वर्धा जिल्ह्यात शेतकरी संघटना जोरात होती. १९९० मध्ये जनता दलाच्या तिकिटावर संघटनेचे काही लोक विधानसभेत गेले, त्यांत इथल्या सरोज काशीकर होत्या. पण मोर्च्याला येणारा माणूस मतदानाच्या दिवशी जात, गट, नातं पाहून बटण दाबतो (तेव्हा शिक्का मारायचा) हे जोशींनाही कळून चुकलं. २००४ मध्ये ते राज्यसभेत पोचले ते शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यावर, म्हणजे ज्यांना शहरी पक्ष म्हणायचं त्यांच्याच. जातीचं बोलायचं तर इथे कुणबी-तेली हिशेब मांडल्याशिवाय कुठल्याच पक्षाची यादी पुरी होत नाही, आणि हा हिशेब शहराच्या हद्दीशी येऊन थांबत नाही.

आता कापसाकडे येऊ, कारण एप्रिलचा निकाल बराचसा तिथे ठरला. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेवर लोकांनी पुढच्या हंगामात माल घरात साठवला. खोलीत छतापर्यंत कापूस, त्यातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज, आणि भाव दर महिन्याला खालीच. २०२३-२४ ला लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी मिळत होतं. सोयाबीनचा हमीभाव ४,६००, बाजार त्याच्याही खाली, त्यात त्या वर्षी पिवळा मोझॅक येऊन एकरी झडतीच घटलेली. बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांचे भाव मात्र कुणी खाली आणले नाहीत. मतदानाला जाताना कास्तकाराच्या डोक्यात राज्यघटना, आरक्षण, पक्षफोडी हे सगळं असेल. पण खिशात चुकाऱ्याची पावती होती.

नोव्हेंबरमध्ये भाव फार सुधारले होते असं नाही. सोयाबीन तेव्हाही हमीभावाखालीच होतं. मग झालं काय? इथे ‘ग्रामीण मतदार’ हा शब्द आपल्याला चकवतो, कारण त्यात वावराचा मालक आणि त्याच वावरात वेचणीला जाणारी बाई अशी दोघंही बसतात. कापूस सात हजारांचा आठ हजार झाला म्हणून तिच्या हातात काही पडत नाही. तिला किलोवर मजुरी मिळते. दर किलोमागे आठ-दहा रुपये धरला तर १,५०० रुपये म्हणजे दीडशे ते जवळपास एकशे नव्वद किलो कापूस वेचणं, पऱ्हाटीच्या ओळीत दिवसभर वाकून, कमरेला ओटी बांधून. जुलै २०२४ पासूनचे लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये दर महिन्याला थेट तिच्या खात्यावर येऊ लागले. आणि ते मालकिणीच्याही खात्यावर आले, जिच्या नावावर एरवी सातबाराही नसतो. शेतीपंपाचं वीजबिल माफ झालं, ते कास्तकाराला दिलेलं उत्तर होतं. शहरी पत्रकारांनी याला रेवडी म्हटलं. ज्याचा पगार एक तारखेला जमा होतो त्याने हा शब्द जरा जपून वापरावा.

दुसरी अडचण हद्दीची. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाख होती आणि त्यातले जवळपास एक तृतीयांश लोक शहरी. पण वर्धा नगरपरिषदेची हद्द ओलांडली की नालवाडी, पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, म्हसाळा अशी गावं लागतात. शहर कुठे संपलं ते रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही. फ्लॅट, शिकवण्या, दवाखाने, हप्त्यावरच्या गाड्या सगळं आहे, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. इथे राहणारा मास्तर, तलाठी, सावंगी किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरी करणारा कर्मचारी मूळचा सेलू-समुद्रपूरकडचा असतो. गावाकडे पाच-सात एकर असतात, ती भाऊ पाहतो किंवा ठेक्याने दिलेली असतात. सणाला गेला की तो कापसाच्या भावावर तावातावाने बोलतो आणि परतताना समृद्धी महामार्गाचं कौतुकही करतो. तो शहरी की ग्रामीण? कागदावर ग्रामीण. त्याची पोरं मात्र पुण्यात नोकरी शोधतात आणि त्यांना रोही, रानडुक्कर आणि जागल म्हणजे काय ते सांगावं लागतं.

म्हणून मला वाटतं, वर्ध्यातली खरी भेग नगरपरिषदेच्या हद्दीवर नाही. एका बाजूला ज्याची मिळकत बाजारभावावर लटकते तो, दुसऱ्या बाजूला ज्याला ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी मिळते तो. आणि दोघं अनेकदा एकाच चुलीवर जेवतात. निर्यातबंदी, आयात शुल्क, हमीभाव हे सगळं दिल्लीचं खातं, म्हणून पहिल्याचा राग लोकसभेला निघतो. खात्यावरचे पैसे, वीजबिल, रस्ता, आमदाराची ओळख हे मुंबईचं, आणि तिथे दुसऱ्याचं पारडं जड होतं. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या काळात मनमोहनसिंग वायफडला येऊन गेले, २००८ ला कर्जमाफी झाली आणि २००९ ला काँग्रेसने लोकसभेची जागा परत मिळवली, तेही याच चालीने.

दिल्लीचं खातं २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. सूतगिरण्यांना आणि कपडा निर्यातदारांना दिलासा, आणि नेमका तोच काळ इथल्या वेचणीचा. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये झाला खरा, पण तो पदरात पडायचा तर सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) मोबाइल ॲपवर नोंदणी, सातबारा, पीक पाहणी, ओलाव्याची अट हे सगळं पार करावं लागतं. ज्याला थांबायची ऐपत नाही तो खेडा खरेदीवाल्याला घरीच माल मोजून देतो.

आता पुन्हा हद्दीकडे. जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्येच संपली आणि प्रशासकाचं राज्य आलं. २०१७ ला तिथे भाजप सत्तेवर आला होता, म्हणजे ‘खेडं काँग्रेसचं’ हे तेव्हाही धड खरं नव्हतं. पुढची निवडणूक होईल तेव्हा पिपरी मेघे, नालवाडीचे फ्लॅटवाले नगरपरिषदेला नव्हे, जिल्हा परिषदेला मत देतील. त्यांची मतं ग्रामीण कौलात मोजली जातील, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘खेड्याने काय सांगितलं’ यावर अग्रलेख लिहील.