शर्टावर रंगीत चित्र कसे छापतात?

हनुमान जयंती आली, यात्रा आली, की गावोगावची तरुण मंडळी एकसारखे टी-शर्ट घालून मिरवतात. तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडीकडे निघते, तेव्हाही पाणी वाटणारे, जेवण वाढणारे लोक छापील टी-शर्टात दिसतात. पाठीवर मंडळाचे नाव, छातीवर देवाचे चित्र. हे शर्ट छापून कोण देतो? बहुतेक वेळा शहरातला दुकानदार. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे मोठे पार्क आहे. तिथे आपल्या भागातल्या पुष्कळ बाया कपडे शिवतात. शिवण आपल्या हाती आली. मग छपाई का येऊ नये? हे काम घरच्या पडवीतही होते. फार मोठे यंत्र लागत नाही. पण त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती समजली नाही तर शर्टही वाया जातात आणि पैसेही. ती म्हणजे रंग वेगळे काढणे. दुकानदार त्याला कलर सेपरेशन म्हणतात.

आधी साधा छाप समजून घेऊ. धान्याच्या गोणीवर नाव टाकायला पत्र्याचा छाप असतो, तो तुम्ही पाहिला असेल. पत्र्यात अक्षर कापलेले असते. गोणीवर पत्रा ठेवायचा, वरून शाईचा कुंचला फिरवायचा, अक्षर उमटते. पण या पत्र्यात एक अडचण आहे. 'ठ' अक्षर घ्या. त्याच्या पोटातला पत्र्याचा तुकडा कशाला धरून राहणार? कापला की गळून पडतो. म्हणून कारागीर तिथे बारीक पट्टी ठेवतो आणि अक्षर तुटके दिसते.

त्यावर माणसाने युक्ती काढली. पत्र्याऐवजी चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी घेतली. जाळीची भोके नको तिथे बुजवली, हवी तिथे मोकळी ठेवली. आता 'ठ'च्या पोटातला ठिपका जाळीलाच चिकटून राहतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ सॅम्युअल सायमन नावाच्या माणसाने १९०७ साली रेशमी कापडाच्या अशा छपाईचे पेटंट घेतले. आता रेशीम मागे पडले, पॉलिएस्टरची जाळी वापरतात. लग्नपत्रिका याच रीतीने छापतात. तिलाच स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात.

भोके बुजवायची कशी? जाळीवर एक चिकट लेप देतात. हा लेप अंधाऱ्या खोलीत वाळवतात. त्याचा गुण असा, की ज्या जागी उजेड पडेल त्या जागी तो घट्ट होतो, आणि जिथे सावली राहील तिथे मऊच राहतो. मग पारदर्शक कागदावर, म्हणजे ट्रेसिंगवर, काळ्या शाईने चित्र काढायचे. ते जाळीला चिकटवून उजेडात धरायचे. काळ्या शाईखाली सावली राहते. नंतर पाण्याने धुतले की सावलीतला मऊ लेप वाहून जातो आणि तेवढीच भोके उघडी होतात. रंग तिथूनच खाली उतरतो. ट्रेसिंग लावताना एवढे बघावे, की रंग ओढणाऱ्याच्या बाजूने अक्षर सुलट दिसले पाहिजे. काही लेपात बायक्रोमेट नावाचे नारिंगी औषध घालतात. ते विषारी आहे. त्याला उघडा हात लावू नये, आणि त्याचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये.

आता मुख्य गोष्ट. एका चौकटीतून एका वेळी एकच रंग छापता येतो. चित्रात तीन रंग असले तर चौकटी तीन, ट्रेसिंगही तीन.

आपल्या कन्हेरीच्या मारुतीचेच उदाहरण घेऊ. समजा, पांढऱ्या शर्टावर मारुतीचे चित्र हवे आहे. अंग शेंदरी, मागे पिवळी प्रभावळ, डोळे, कडा आणि खालचे नाव काळे. तर चित्राकडे बघताना मारुती विसरून जायचे. फक्त विचारायचे, पिवळा कुठे कुठे आहे? तेवढाच भाग पहिल्या ट्रेसिंगवर भरायचा. शेंदरी कुठे आहे? तो दुसऱ्यावर. काळा तिसऱ्यावर.

आणि इथेच शिकणारा हमखास अडखळतो. शेंदरी भागाचे ट्रेसिंग तो शेंदरी रंगाने भरतो. असे करू नये. तिन्ही ट्रेसिंगांवर शाई काळीच हवी. लेपाला रंग कळत नाही, त्याला फक्त उजेड आणि सावली कळते. रंग शेंदरी व्हायचा तो छापताना, चौकटीत शेंदरी रंग ओतल्यावर. शाई गडद झाली की नाही हे बघायला ट्रेसिंग उन्हात धरावे. काळ्यातून ऊन झिरपत असेल तर आणखी एक हात द्यावा.

ही विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही बरं का. राजा रविवर्मा या थोर चित्रकाराने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. काही वर्षांनी तो पुणे जिल्ह्यात, कार्ल्याच्या लेण्यांजवळ मळवलीला हलवला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन कारागिराने विकत घेतला. घरोघरी लक्ष्मी-सरस्वतीची जी चित्रे लागली, त्यांतली पुष्कळ या छापखान्यातली. तिथे जाळी नव्हती, सपाट दगड होते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. मूळ चित्र बघून कारागीर डोळ्यांनी रंग निवडून काढी आणि त्या त्या दगडावर हाताने उतरवी, तेही उलटे. एका चित्राला कधी कधी दहाहून अधिक दगड लागत. लक्ष्मीच्या गालावरची लाली एका दगडावर आणि साडीचा काठ दुसऱ्या दगडावर! आम्हांला तर त्या कारागिरांचे चित्रकाराइतकेच कौतुक वाटते; पण त्यांची नावे चित्राखाली नसत. १९७२ साली त्या छापखान्याला मोठी आग लागली. सिनेमावाले दादासाहेब फाळके हेसुद्धा आधी छपाईच्याच धंद्यात होते. रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते १९०९ साली जर्मनीला गेले होते.

असो. आपल्या मारुतीकडे वळू.

तीन ट्रेसिंगे एकमेकांवर बरोबर बसली पाहिजेत. म्हणून मूळ चित्राच्या चारही कोपऱ्यांशी बारीक फुली काढावी आणि तीच फुली प्रत्येक ट्रेसिंगवर त्याच जागी उतरवावी. चौकट बसवताना फुलीवर फुली जुळवायची. शर्ट लाकडी पाटावर चढवतात. पाटाला थोडा डिंकासारखा चिकट पदार्थ लावलेला असतो, म्हणजे शर्ट हलत नाही. सगळे रंग होईपर्यंत शर्ट पाटावरून काढायचा नाही. एकदा काढला की पुन्हा तसाच बसणे कठीण.

तरी कापड ते कापडच. केसभर तरी सरकते. मग पिवळ्या आणि शेंदरीच्या मध्ये पांढरी फट दिसते. त्यावर उपाय कौलांचा. आपण कौले एकाला एक टेकवून ठेवतो का? नाही, एकावर एक चढवतो, म्हणजे पाणी आत येत नाही. तसाच पिवळा भाग शेंदरीच्या खाली थोडा शिरू द्यायचा. किती? बाजरीच्या दाण्याच्या निम्म्याने. फार शिरवला तर कडेला तिसराच रंग दिसू लागतो. काळी रेघ जरा जाड ठेवली तर ती सगळे सांधे झाकून टाकते. म्हणून छापताना फिका रंग आधी, गडद नंतर, काळा शेवटी.

काळ्या शर्टाची गोष्ट वेगळी आहे. आमच्या ओळखीच्या एका पोराने मंडळाचे चाळीस शर्ट घेतले होते. त्याने काळ्या शर्टावर थेट शेंदरी रंग ओढला. वाळल्यावर मारुती विटकरी दिसू लागला. मंडळाने शर्ट घेतले नाहीत, आणि कापडाचे पैसे त्याच्या अंगावर बसले. शेताला पाणी देणाऱ्या बापाने ते फेडले. रंग त्याने चांगलाच आणला होता, पण काळे कापड रंग गिळून टाकते. तिथे आधी पांढरा थर द्यावा लागतो. तो वाळवायचा, आणि त्यावर बाकीचे रंग. म्हणजे पांढऱ्या थराचे ट्रेसिंग जादा, चौकट जादा. हा थर मात्र चित्रापेक्षा किंचित लहान काढतात, नाहीतर कडेने पांढरे डोकावते.

आता हिशेब करू. साठ शर्ट आणि तीन रंग, म्हणजे एकशेऐंशी वेळा रंग ओढायचा. काळे शर्ट असले तर पांढऱ्यासकट दोनशेचाळीस वेळा. आणि शेवटचा रंग चुकला तर आधीचे रंग, कापड, मेहनत सगळेच बुडाले. म्हणून गिऱ्हाईक सात रंगांचे चित्र घेऊन आले तर लगेच मान डोलवू नये. त्यातले कुठले दोन रंग एक करता येतील ते बघावे. पांढऱ्या कापडावर पातळ पिवळ्यावर पातळ निळा चढवला तर हिरवा आपोआप होतो. दोन चौकटी, तीन रंग. पण शेंदरी आणि काळे काटकसरीसाठी बदलू नये. देवाच्या रंगात लोक तडजोड खपवून घेत नाहीत.

माणसाचा फोटो छापायचा असेल तर ही रीत पुरत नाही. तिथे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांचे बारीक ठिपके छापतात, आणि ते लांबून एकत्र दिसून चेहरा होतो. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगातून बघा, ठिपके दिसतील. हे ठिपके आता कॉम्प्युटर वेगळे काढून देतो. साध्या चित्राला इंचात सुमारे ११० धाग्यांची जाळी चालते. ठिपक्यांना २०० च्या पुढची घ्यावी लागते, नाहीतर बारीक ठिपका जाळीच्या धाग्यावरच येऊन नाहीसा होतो. नवशिक्याने पहिल्या वर्षी फोटोचे काम धरू नये, असे आमचे मत आहे.

पहिला छाप जुन्या धोतराच्या फडक्यावर काढावा. फुल्या जुळल्या की मगच शर्ट चढवावा, आणि कोपऱ्यांतल्या फुल्यांवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर त्याही शर्टावर उमटतील. सगळे छापून झाले की रंग उष्णतेने पक्का करावा. डब्यावर जेवढी उष्णता आणि जेवढा वेळ लिहिला असेल तेवढा द्यावा. पक्का न केलेला रंग पहिल्याच धुण्यात निघून जातो. ट्रेसिंगे घडी न घालता सपाट ठेवावीत, आणि प्रत्येकावर रंगाचे नाव लिहावे, कारण सगळीच काळी असतात. साल छापायचे असेल तर त्याचा आकडा वेगळ्या छोट्या ट्रेसिंगवर काढावा. पुढल्या वर्षी तेवढाच बदलला की काम होते.