दयाळ चोवीस मिनिटांत, गोगलगाय दिवाळीच्या तोंडावर

पालघर ते बोईसर, रुळाच्या कडेकडेने साधारण 12 किलोमीटर. मध्ये एक स्टेशन, उमरोळी. वाडीच्या तारेवर शेपटी उभारून शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ ताशी 30 किलोमीटरने निघाला, तर 24 मिनिटांत बोईसर. कुंपणाच्या बुंध्याशी चिकटलेली आफ्रिकन गोगलगाय त्याच वेळी निघाली आणि सेकंदाला एक मिलिमीटर या चालीने न थांबता सरकत राहिली, तर पोहोचायला 139 दिवस. 7 जूनला निघालेली 24 ऑक्टोबरला पोहोचेल. जून ते सप्टेंबर हे पावसाळ्याचे 122 दिवस पूर्ण मिळाले, तरी ती उमरोळी मागे टाकून बोईसरच्या अलीकडे दीड किलोमीटरवर अडकेल. तेही रात्रंदिवस चालली तर. एरवी ती बहुतेक रात्रीच बाहेर पडते आणि कोरडं पडलं की शंखाचं तोंड बंद करून बसते.

काट्यावर मात्र दोघं तुल्यबळ. दयाळ तीस-चाळीस ग्रॅमचा, मोठी गोगलगायही सहज तेवढी भरते. गोगलगायींत याहून कितीतरी वजनदार निघतात, ते सोडा.

खरी गंमत अंड्यांत आहे. दयाळाची मादी भोकात किंवा भिंतीच्या फटीत चार-पाच अंडी घालते आणि एकटीच उबवते. गोगलगाय ओल्या मातीत एका खेपेला 200 अंडी सहज घालते, मोठ्या साबुदाण्याएवढी, आणि निघून जाते. ना उबवणं, ना भरवणं. शिवाय प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, म्हणजे अंडी घालायला सगळ्याच मोकळ्या. समजा सगळी पिल्लं जगली आणि प्रत्येकीने एकदाच 200 अंडी घातली: दुसऱ्या पिढीला 40,000, तिसरीला 80 लाख. 2011 च्या जनगणनेत आजच्या पालघर जिल्ह्याच्या भागाची लोकसंख्या 30 लाखांच्या आसपास होती. चौथ्या पिढीला 160 कोटी, म्हणजे अख्ख्या भारताला पुरून उरतील.

अर्थात एवढी जगत नाहीत. पण हा आकडा अगदीच हवेतला नाही. चाल एवढी मंद, तरी पूर्व आफ्रिकेतली ही गोगलगाय भारतात आली ती माणसाच्या खिशातून: 1847 मध्ये बेन्सन नावाच्या ब्रिटिश माणसाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत ती सोडली गेली. आणि 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी मायामीला नेल्या, आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्यांच्या 18,000 हून जास्त झाल्या. त्या निपटायला दहा वर्षं आणि 10 लाख डॉलर लागले.