पेटीतली माशी आणि बांधावरची माशी

बारामती आणि इंदापूरच्या डाळिंब बागांत बहार फुलला की परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या जातात. कलिंगडाच्या आणि बियाण्याच्या कांद्याच्या रानातही त्या दिसतात. पेटीत बहुधा 'मेलीफेरा' ही युरोपीय जात असते. भारतात ती १९६०च्या दशकात स्थिरावली, तेही आधी उत्तरेत, नगरोटा येथे. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था त्याच दशकातली, १९६२ची.

ही माशी येण्याआधीपासून या रानात परागीभवन चालूच होते. झाडाच्या उंच फांदीला किंवा पाण्याच्या टाकीला लटकणारे आग्यामोहोळ सर्वांच्या ओळखीचे. झुडपातली बारीक फुलोरी माशी त्यामानाने दुर्लक्षित, आणि एकट्याने राहणाऱ्या माश्यांकडे तर कोणाचे लक्षही जात नाही. पानाचे गोल तुकडे कापून घर बांधणारी पानकापी, लाकूड पोखरणारा काळा भुंगा, बांधाच्या मातीत भोक पाडून अंडी घालणाऱ्या लहान माश्या या त्यांतल्या काही. यांना राणी नसते की वसाहत नसते. प्रत्येक मादी स्वतःच्या पिलांसाठी परागकण गोळा करते.

स्पर्धा होते ती या परागकणांसाठी आणि मकरंदासाठी. एका भरल्या पेटीत हजारो कामकरी माश्या असतात आणि गरज पडल्यास त्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत जातात. फुलांचा ताटवा सापडला की परतलेली माशी पोळ्यावर नाचून इतरांना त्याची दिशा आणि अंतर सांगते. एकट्याने राहणारी माशी बहुधा काहीशे मीटरच्या टापूत, स्वतः शोधेल तेवढ्यावरच भागवते. अमेरिकेत २०१७ साली मांडलेल्या एका हिशेबानुसार, एक जोमदार वसाहत तीन महिन्यांत जेवढे परागकण उचलते, तेवढ्यात एकट्याने राहणाऱ्या माश्यांची सुमारे एक लाख पिले वाढू शकतात.

बहार भरात असताना या स्पर्धेचा फारसा त्रास होत नाही, कारण फुले सर्वांना पुरून उरतात. अडचण बहार सरल्यावर येते. नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत मैलोगणती ऊस आहे. उसाला तुरा आला तरी त्याचे परागीभवन वारा करतो, मकरंद त्यात नसतोच. (रसवंतीच्या चरख्यावर माश्यांची झुंबड उडते, ती रसासाठी.) जिराईत भागात उन्हाळ्यात माळ करपतो. बांधावरची चार झुडपे आणि ओढ्याकाठची झाडे एवढेच फुलोऱ्याचे ठिकाण उरते. पेट्या तशाच राहिल्या तर त्यातला मोठा वाटा त्यांच्याकडे जातो. शिवाय एकाच फुलावर बसल्याने माश्यांचे विषाणू एका जातीतून दुसरीत जातात.

रानमाशीची जागा पेटीतली माशी भरून काढील, हा समज अनेक पिकांबाबत टिकत नाही. वांगे आणि टोमॅटोच्या फुलात परागकण पुंकेसराच्या टोकाच्या छिद्रातून सुटतात. अंगाची थरथर करून ते झाडून घेणे काही रानमाश्यांना जमते, मधमाशीला नाही. तुरीचे मिटलेले फूल उघडायला पानकापी आणि भुंगा जास्त कामाचे. जगभरातील ४१ पीकपद्धतींच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रानकीटकांच्या भेटींमुळे फळधारणा मधमाश्यांच्या भेटींपेक्षा जवळजवळ दुप्पट वाढलेली दिसली. दोघी एकत्र असणेही फायद्याचे ठरते. कॅलिफोर्नियातील संकरित सूर्यफुलात रानमाश्यांच्या धक्क्याबुक्क्यांनी मधमाश्या नर ओळींतून मादी ओळींत जास्त फिरल्या आणि त्यांचे काम अधिक परिणामकारक झाले.

मात्र रानमाश्या घटण्याचा सगळा दोष पेट्यांवर टाकणे चुकीचे ठरेल. तणनाशकाने साफ केलेले बांध, जमीन सपाट करताना बुजलेली घरटी आणि फुलोऱ्यातच होणारी कीडनाशकाची फवारणी यांचा वाटा त्याहून मोठा आहे. पेट्यांपासून होणारा उपद्रव त्यामानाने आटोक्यात ठेवणे सोपे आहे. बहारापुरत्या पेट्या आणाव्यात, फुले ओसरताच हलवाव्यात आणि उन्हाळ्यात एका ठिकाणी ढीगभर पेट्या रचू नयेत. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूरची कडबनवाडी यांसारख्या माळरानांजवळ तळ देताना माशीची दोन-तीन किलोमीटरची झेप हिशेबात धरावी लागते. शेतकऱ्याच्या हातात असलेले एक काम बिनखर्चाचे आहे: बांधाची एक बाजू नांगरापासून आणि तणनाशकापासून वाचवणे, आणि तिथला तरवड, बोर, बाभूळ तोडू न देणे.