लाल पेन्सिल

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला घोडा धावताना बघायचा असेल तर आषाढवारी आहे. खुडूसला किंवा वाखरीला रिंगण लागतं, माउलींचा अश्व आणि स्वाराचा अश्व धावतात, आणि टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड. तिथे कोण पुढे जाणार यावर पैज लागत नाही. माउलींच्या अश्वाच्या पाठीवर कुणी माणूस नसतो, आणि तो मागे पडेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

सोलापूरच्या नव्या पेठेत मात्र एका कापडदुकानात दुसऱ्या धावण्याचा अभ्यास चाले. गल्ल्याच्या मागे चादरींची थप्पी, थप्पीआड एक पातळ पुस्तक आणि सुतार कानाला लावतो तसली लाल पेन्सिल. दुकानाचे मालक आमच्या गल्लीचे काका. पुण्याचा रेसचा मोसम जुलैत सुरू झाला की महिन्यातून एखाद्या शनिवारी ते पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरायचे. पिशवीत दोन कडक भाकऱ्या, शेंगाचटणीची पुडी आणि ते पुस्तक. कॉलेजात असताना दोन-तीनदा मीही गेलो. घरी सांगितलं, पुस्तकं आणायला चाललो. खोटं नव्हतं तसं, पुस्तकासाठीच चाललो होतो!

कुर्डुवाडी येईपर्यंत काका बोलत नसत. मग पुस्तक उघडून म्हणायचे, "कोण जिंकणार ते विचारू नको बे. कोण जिंकणार नाही ते विचार." आणि पेन्सिल चालू. रेसच्या आदल्या दिवशी अंदाज लिहिणारे जगभर नेमकं हेच करतात. बारा घोड्यांतले सात खोडले की उरलेल्या पाचांवर डोकं चालवायचं.

खोडायचं कशावरून? पुस्तकात प्रत्येक घोड्यापुढे एक ओळ असते: आईबाप, वय, मालक, ट्रेनर, जॉकी, वजन, रेटिंग आणि मागच्या धावांचे आकडे. 3-1-0-2 असं लिहिलेलं असलं तर शून्य म्हणजे घोडा पहिल्या चारांत नव्हता. नवखा माणूस शून्य बघून घोडा खोडतो, काका थांबायचे. ते शून्य सोळाशे मीटरला पडलंय आणि आज रेस बाराशेची आहे का? त्या दिवशी जमीन ओली होती का? पुण्याच्या मोसमात हा प्रश्न मोठा. पावसानं मैदान किती मऊ झालंय ते पेनेट्रोमीटर नावाच्या उपकरणानं मोजतात आणि आकडा जाहीर करतात. काही घोड्यांना चिखल मानवतो, काहींचे पाय त्यात रुततात. काका घोड्याच्या नावापुढे 'म्हैस' लिहायचे. म्हणजे हा चिखलातला.

मग वजन. हँडिकॅप रेस म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त ओझं देऊन सगळ्यांना एका पातळीवर आणण्याची खटपट. रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरतात. हँडिकॅप ठरवणाऱ्याचं स्वप्न असं, की सगळे घोडे एकाच वेळी रेषा ओलांडावेत. टिप देणाऱ्याचं काम त्याची चूक हुडकायची. गेल्या रेसला तीन लांब्यांनी सहज जिंकलेल्या घोड्यावर फक्त दोन किलो वाढलेत? मग त्याला खोडू नका.

उरलेलं पॅडॉकमध्ये कळतं. रेसआधी साईस, म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला मोतद्दार, घोड्याला धरून गोल फिरवतो. काका कठड्याला टेकून उभे. मानेला फेस आलेला, शेपटी सारखी झटकणारा, साईसाला ओढत नेणारा घोडा ते तिथल्या तिथे खोडायचे. आज पहिल्यांदाच ढापणं लावली असली तर नावापुढे प्रश्नचिन्ह. एकदा त्यांनी सगळ्यात सुस्त दिसणाऱ्या घोडीवर बोट ठेवलं. मला वाटलं, ही तर झोपलीय. तिनं दीड लांबीनं मारली. पुढच्या रेसला तसलीच झोपाळू घोडी शेवटून दुसरी आली. काका म्हणाले, "ही खरंच झोपली होती."

आता भाव. इथे मोठमोठे अभ्यासू गडगडतात. समजा सहा घोड्यांची रेस आहे आणि बुकीच्या फळ्यावर शंभराला 150, 300, 400, 600, 1000 आणि 1200 असे भाव आहेत. कुणीही जिंकला तरी हातात 100 रुपये यावेत असं ठरवून सहाही घोडे लावायचे, तर अनुक्रमे 40, 25, 20, 14, 9 आणि 8 रुपये लागतील. बेरीज 116. शंभर मिळवायला एकशे सोळा! वरचे सोळा बुकीचे. म्हणून 'हा घोडा जिंकेल' एवढ्यानं टिप पुरी होत नाही. दीडशेच्या भावाचा फेव्हरिट पाचांत दोनदा जिंकणारा असला तरच भाव बरोबर. जगभरात फेव्हरिट साधारण तीनांत एकदा जिंकतो. याचा अर्थ, सगळ्यांचं एकमत झालेला घोडाही तीनांत दोनदा हरतो.

टोटचं गणित निराळं. तिथे सगळ्यांचे पैसे एका हंड्यात जमतात, कर आणि क्लबाचा वाटा काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. बुकीकडे भाव घेतानाच पक्का होतो, टोटमध्ये खिडक्या बंद झाल्यावर. या फरकाचा नामी दाखला इंग्लंडच्या अडथळ्यांच्या रेसमध्ये सापडतो.

आपल्याकडच्या रेसकोर्सवर घोडे सपाट धावतात. इंग्लंड-आयर्लंडमध्ये हिवाळाभर ते कुंपणांवरून उड्या मारत धावतात. यातली सगळ्यात गाजलेली ग्रँड नॅशनल, लिव्हरपूलजवळच्या एंट्रीला, 1839 पासून. सुमारे सात किलोमीटर, तीस अडथळे. पूर्वी चाळीस घोडे सुटायचे, 2024 पासून चौतीस. 1967 साली तेविसाव्या अडथळ्याशी जॉकी पडून मोकळा झालेला एक घोडा आडवा धावला आणि मागचे सगळे एकमेकांवर आदळले. फॉइनाव्हन नावाचा घोडा इतका मागे होता, की तो येईपर्यंत जॉकीला फट दिसली. तो एकटा पार गेला आणि जिंकला. बुकींचा भाव एकाला शंभर होता, टोटनं एकाला 444 दिले. त्याच्यावर जवळजवळ कुणी पैसेच लावले नव्हते!

त्या रेसच्या अंदाजाला म्हणून आणखी काही अक्षरं वाचावी लागतात. घोड्याच्या आकड्यांत एफ असला तर तो पडला, यू म्हणजे जॉकी उडाला, पी म्हणजे मध्येच थांबवला, आर म्हणजे घोडा उडी मारायला तयार झाला नाही. घोडे थोराड, जॉकीसकट ओझं सत्तर किलोच्या आसपास, आणि वेगाइतकंच दमाचं काम. रेड रमनं 1973, 1974 आणि 1977 अशी तीनदा ही रेस जिंकली. 2021 साली रेचेल ब्लॅकमोर जिंकली, पहिली बाई जॉकी. आणि 1956 साली राजमाता एलिझाबेथ यांचा डेव्हन लॉक सगळे अडथळे पार करून, रेषा समोर दिसत असताना, मोकळ्या सपाटीवर पोट टेकून बसला. का, ते अजून कुणी छातीठोक सांगितलेलं नाही. त्याचा जॉकी डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथा लिहू लागला आणि रेसपेक्षा त्यातच जास्त गाजला.

या प्रकाराला स्टीपलचेस म्हणतात, कारण 1752 साली आयर्लंडमध्ये दोघांनी एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतली कुंपणं आणि ओढे उडवत, पैज लावली होती. तेच नाव पुढे माणसांच्या शर्यतीला लागलं: तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, सात पाणउड्या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ती धावतो. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. मराठी माणसाचं स्टीपलचेसशी नातं विचाराल तर ते असं, घोड्याविना.

टिपांबद्दल एक सांगायला हवं. रेसकोर्सच्या फाटकाबाहेर 'आतली खबर' विकणारा हमखास भेटतो. साईसाच्या भावाकडून, ट्रेनरच्या ड्रायव्हरकडून. काका त्याला चहा पाजायचे आणि त्यानं सांगितलेला घोडा खोडायचे. "याची खबर खरी असती तर हा इथं उन्हात उभा राहिला असता का?" माझं मत काकांइतकं कडक नाही, पण कारण न सांगता दिलेल्या टिपेवर मी दमडी लावणार नाही. जमीन, अंतर, वजन, भाव या चारांपैकी दोन तरी गोष्टी टिप देणाऱ्यानं बोलल्या पाहिजेत.

सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला. काकांना हे वाक्य तोंडपाठ होतं, काकू रागावल्या की ते म्हणून दाखवायचे. पण कौशल्य कितीही असो, करापुढे ते लंगडं पडतं. ऑक्टोबर 2023 पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. वरच्या 116 च्या हिशेबात हा आकडा घालून बघा. नियमित खेळून पैसा राखणं हे आता कुणाच्याही पेन्सिलीच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. काकांनीही लावणं कधीच सोडलंय. पुस्तक मात्र अजून मागवतात, खोडतात, आणि संध्याकाळी निकालाशी ताडून बघतात.

बघण्यात मात्र अजून मजा आहे. मुंबईची महालक्ष्मी 1883 पासूनची, आणि इंडियन डर्बी तिथे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते. 2400 मीटर, चार वर्षांचे घोडे. 1943 च्या पहिल्या डर्बीत बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी जिंकली होती. सोलापूरकरांनी शनिवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरावी, सकाळी दादरला उतरून लोकलनं महालक्ष्मी गाठावी. पुस्तक फाटकावर मिळतं, पेन्सिल घरून न्या. पहिल्या रेसला पैसे लावू नका, पॅडॉकच्या कठड्याशी उभे राहा आणि नुसते खोडत जा.